इतर खर्च

कंपनीच्या वहीत शाळेसाठी खाते नव्हते,
म्हणून मी तिला 'इतर खर्च'मध्ये बसवले,
पंखा-दुरुस्ती आणि पाहुण्यांची कॉफी
यांच्या मधल्या ओळीत.
बसभाडे, अकरा मुलांचे जेवण,
पांढऱ्या रंगाचा एक डबा,
आणि एवारिश्तूची तीन दिवसांची मजुरी.

एवारिश्तू आमचा सर्वांत जुना सोलणारा.
बाटलीला लागते ते बूच
अलेंतेजूमधल्या ह्या ओकची साल असते.
कुऱ्हाड हलकी टेकवायची, आवाज ऐकायचा,
साल सुटल्याचा पोकळ आवाज आला की हात आवरायचा.
आत जखम झाली तर झाड ती विसरत नाही.
हे तो मुलांना अशा आवाजात सांगत होता
जसे आपण आजाऱ्याच्या खोलीत बोलतो.

पहिली साल पंचविसाव्या वर्षी. बुचाच्या कामाची नाही.
दुसरी चौतिसाव्या. तीही नाही.
तिसरी, त्रेचाळिसाव्या वर्षीची, ती खरी.
दर तीन महिन्यांनी माझ्याकडे ताळेबंद मागणाऱ्यांना
हे मी अजून मोठ्याने वाचून दाखवलेले नाही.

साल काढली की साल लिहायचे.
सोललेले खोड लालभडक, अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखे,
त्यावर वर्षाचा शेवटचा अंक, पांढरा, हातभर उंच.
काल तिथे पाच होता, सालीबरोबर गेला.
आज चार. नऊ वर्षांनी तीन.
"झाड वाढतंय आणि आकडा उतरतोय?"
बाकावरचा एक मुलगा म्हणाला. म्हणजे बाक नव्हताच,
गवत होते, पण तो बाकावरच्यासारखा हात वर करून बोलला.
ओतीलिया बाईंनी तेवढ्यावर तासभर वजाबाकी घेतली.
पुस्तकात ह्या धड्याला पान नाही.

मग नाझारे. वय नऊ, पुढचा एक दात नाही.
तिने टेकडीपलीकडे बोट केले, निलगिरीच्या रांगांकडे:
"त्या झाडांवर कुठला आकडा लिहितात?"

ती झाडेही आमचीच.
दहा-बारा वर्षांत उभी, कागदासाठी आडवी.
साहेब म्हणाले, "तो वेगळा विभाग आहे,"
आणि फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.
एवारिश्तू कुऱ्हाडीची धार अंगठ्याने चाचपत राहिला.
"तिथे ऐकावं लागत नाही, पोरी," एवढेच म्हणाला.
फोटोवाल्याने तेवढ्यात सगळ्यांना हसवले.
वार्षिक अहवालात ते पान छान आले आहे,
लाल खोड, अकरा मुले, पांढरा चार.
नाझारेचे तोंड अर्धवट उघडे आहे.
बघणाऱ्याला वाटेल, हसतेय.

त्या रात्री मी वही उघडली.
निलगिरीला अख्खे पान, शीर्षक ठळक.
शाळा 'इतर'मध्ये, आणि तिच्या खालीच,
ऑगस्टमधला पाण्याचा टँकर, चार फेऱ्या,
टेकडीखालच्या वाडीसाठी, विहीर आटली म्हणून.
तोही 'इतर'.
दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात.
मुलांचे जेवण टँकरपेक्षा स्वस्त पडले होते.

यंदा मी टँकर उचलून निलगिरीच्या पानावर नेला.
शाळेला वेगळे खाते उघडले.
परतावा कधी, असा रकाना आमच्या वहीत असतोच,
त्यात लिहिले: दोन हजार तेहेतीस.
लेखापरीक्षक म्हणाला, शून्य चुकून पडलेय का कुठे?
मी म्हटले, नाही. शून्य नाही, तीन आहे.

तेव्हा मी निवृत्त असेन.
एवारिश्तूचे त्याने स्वतःच सांगितले नाही, मी विचारले नाही.
नाझारे अठराची.

रंगाचा डबा निम्मा उरलाय.
माझ्या कपाटावर ठेवलाय, झाकण ठोकून घट्ट बसवून.
असा उरलेला रंग नऊ वर्षे टिकतो का,
दुकानदाराला एकदा विचारायला हवे.